शुगर 'नॉर्मल' असूनही किडनी, डोळे आणि पाय का जातात?

मार्च २०२५ मध्ये औषधांच्या बाजारात एक मोठी घडामोड झाली, पण सोशल मीडियावर तिची फारशी चर्चा झाली नाही. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचं भारतातलं पेटंट ११ मार्चला संपलं. तोवर एका गोळीला साधारण ६० रुपये मोजावे लागायचे. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली आणि काहींनी तिची किंमत थेट ६ रुपयांच्या आसपास ठेवली. महिन्याचा १,८०० रुपयांचा खर्च दोनशेच्या आत आला.

ही गोळी फक्त साखर कमी करणारी असती, तर त्यात विशेष काही नव्हतं. तशा गोळ्या भरपूर आहेत आणि स्वस्तही आहेत. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये या औषधामुळे हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या कारणांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे किडनीचा आजार असलेल्या ६,६०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, किडनी आणखी खालावण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. याच गटातलं डापाग्लिफ्लोझिन तर २०२० पासूनच भारतात स्वस्तात मिळतं.

थोडक्यात, किडनी वाचवायला मदत करणारी गोळी आता वडापावपेक्षा स्वस्त आहे.

पण ती कोणाला द्यायची? ज्याच्या किडनीला इजा होऊ लागली आहे त्याला. ती होऊ लागली आहे हे कळणार कसं? अडचण इथेच आहे. कारण आपल्याकडे मधुमेह म्हणजे लॅबच्या कागदावरचे दोन आकडे, एक उपाशीपोटीचा आणि एक जेवणानंतरचा. ते आकडे बरे आले की डॉक्टर 'चालू ठेवा' म्हणतात, रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो आणि घरचे 'कंट्रोलमध्ये आहे' असं नातेवाइकांना सांगतात. किडनी, डोळ्याचा पडदा आणि पायाच्या नसा यांची विचारपूस त्या दोन आकड्यांत होत नाही.

दहा कोटी लोकांचा प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआरचं देशव्यापी सर्वेक्षण जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालं. २० वर्षांवरच्या १ लाख १३ हजार लोकांच्या तपासणीवर ते आधारलेलं होतं. त्यातून काढलेला अंदाज असा की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

या यादीत सगळ्यात वर होतं गोवा. तिथे २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं आढळलं, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. त्याखालोखाल पुद्दुचेरी आणि केरळ. आजार शहरी आणि सुखवस्तू जगण्याबरोबर कसा वाढतो, हे यातून दिसतं.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२५ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ४५ वर्षांवरच्या भारतीयांची पाहणी होती. त्यात साधारण पाचातल्या एकाला मधुमेह होता आणि मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांची साखर आटोक्यात होती. मात्र कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेणारे होते जेमतेम ६ टक्के.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मधुमेह असलेल्यांचे मृत्यू सर्वाधिक होतात ते हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या आजारांनी. आणि त्यापासून वाचवणाऱ्या उपचारांत ही गोळी पहिल्या काही उपायांपैकी एक आहे.

नुकसान होतं कसं?

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. सगळ्यात आधी झळ बसते ती केसाहूनही बारीक असलेल्या वाहिन्यांना. अशा वाहिन्यांचं दाट जाळं शरीरात दोन ठिकाणी आहे, डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीच्या गाळणीत. हातापायांच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही तशाच बारीक असतात. म्हणून मधुमेहाची गुंतागुंत म्हटलं की डोळे, किडनी आणि पाय ही तीन नावं नेहमी एकत्र येतात. मोठ्या वाहिन्यांवर परिणाम झाला की हृदयविकार, पक्षाघात आणि पायाचा रक्तपुरवठा बंद होणं हे प्रकार घडतात.

यातली बरीच पडझड सुरुवातीला दुखत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि वीस वर्षं चाललेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, मधुमेहाचं निदान नुकतंच झालेले ५,१०२ रुग्ण होते. त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांच्या शरीरात निदानाच्या वेळीच कोणत्या ना कोणत्या गुंतागुंतीच्या खुणा सापडल्या. म्हणजे ज्या दिवशी 'तुम्हाला शुगर आहे' असं कळलं, त्या दिवशी आजार काही वर्षांचा जुना होता.

याच अभ्यासाने साखर आटोक्यात ठेवण्याचं मोलही दाखवलं. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, एका टक्क्याने कमी असेल तर बारीक वाहिन्यांच्या गुंतागुंतीचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या काळजीचा फायदा अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनीही टिकून होता. तेव्हा साखरेला महत्त्व नाही असं कोणीच म्हणत नाही.

पण साखर जितकी खाली तितकं चांगलं, हेही खरं नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या रुग्णांची साखर औषधांच्या माऱ्याने अगदी नॉर्मलपर्यंत उतरवण्याचा प्रयोग झाला. तो २००८ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू वाढले. म्हणूनच ३५ वर्षांच्या तरुणासाठीचं लक्ष्य आणि एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या आजींसाठीचं लक्ष्य एकच नसतं. आजींना रात्री साखर उतरून चक्कर आली आणि खुबा मोडला, तर ते जास्त महाग पडतं.

पाय: वेल्लोरच्या कुष्ठरोग्यांनी शिकवलेला धडा

पायांबद्दल जगाला जे काही कळलं, त्याचा मोठा भाग भारतातून आला आहे आणि तोही एका वेगळ्याच आजाराच्या अभ्यासातून.

पॉल ब्रँड हे ब्रिटिश सर्जन १९४६ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात बोटं सडून झडतात, अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आजार बोटं खात नाही, तो फक्त संवेदना नेतो. मग माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, खिळा टोचला तरी चालत राहतो आणि जखमेवर रोज तोच भार टाकतो. बोटं जातात ती या न कळणाऱ्या इजांमुळे. पुढे ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हीच दृष्टी मधुमेहींच्या पायांना लागू झाली. आज मधुमेहाच्या दवाखान्यात तळपायाला टेकवून पाहतात ती नायलॉनची तार, जी १० ग्रॅम दाबाला वाकते, तिचं प्रमाणही कारव्हिलमध्येच ठरलं. मधुमेहींसाठी मिळणाऱ्या मऊ एमसीआर रबराच्या चपला आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांसाठी बनल्या.

तारेची तपासणी दोन मिनिटांची असते. रुग्णाने डोळे मिटायचे, तार तळव्यावर वेगवेगळ्या ठिकाणी टेकवायची आणि कळलं की 'हो' म्हणायचं. कळलं नाही, तर त्या पायाचं वेदनेचं कवच गेलं आहे असं समजायचं. पायाची नाडी लागते का, हेही त्याच वेळी हाताने पाहता येतं.

लोक सहसा मुंग्या, जळजळ किंवा टोचणं याची तक्रार करतात. या तक्रारी थांबल्या की बरं वाटतं. पण काही वेळा त्या थांबतात त्या नस पूर्ण निकामी झाल्याने. कापसावर चालल्यासारखं वाटणं, पायातली चप्पल वाटेत निसटली तरी पत्ता न लागणं, या खुणा जळजळीपेक्षा गंभीर आहेत.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथे अनवाणी चालणं हा श्रद्धेचा भाग आहे. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारे हजारोंनी आहेत. चैत्रातल्या यात्रांमध्ये देवळाच्या आवारातली फरशी दुपारी तव्यासारखी तापलेली असते. वारीत भिजलेले बूट आणि पायाला आलेले फोड ही रोजची बाब. संवेदना शाबूत असलेला माणूस चटका बसताच पाय उचलतो. ज्याच्या पायाला तो कळतच नाही तो प्रदक्षिणा पूर्ण करतो, घरी येतो आणि रात्री कोणीतरी दाखवल्यावर तळव्याला आलेले मोठे फोड पाहतो. यात श्रद्धा सोडायला कोणी सांगत नाही. पहाटे दर्शन घेणं, देवळात जाड मोजे घालणं आणि वारीत रोज संध्याकाळी दुसऱ्या कोणाकडून तळवे पाहून घेणं, एवढं शक्य असतं. बधिर पायाने नवरात्रभर अनवाणी राहणं मात्र खरोखर धोक्याचं आहे.

घरातल्या चुकाही ठरलेल्या. पाय दुखतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेक, कुरूप ब्लेडने कापणं, कुरुपाची औषधी पट्टी लावणं, अंघोळीचं पाणी पायाने तपासणं. नवी कोल्हापुरी चार दिवस चावते हे सगळ्यांना माहीत आहे, पण बधिर पायाला ती चावलेली कळत नाही. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि घालण्याआधी ते उलटे करून झटकावेत. आतला खडा दिवसभर न टोचता जखम करू शकतो.

जखम झाली की बहुतेक ठिकाणी ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक सुरू होतं. पण तळव्याच्या जखमेचा खरा उपचार असतो तिच्यावरचा भार काढणं. त्यासाठी खास प्लास्टर किंवा बूट लागतो, निदान चालणं तरी थांबवावं लागतं. नेमकं हेच पाळलं जात नाही. 'डॉक्टरांनीच रोज चालायला सांगितलंय' म्हणून जखम घेऊन मॉर्निंग वॉकला जाणारे कमी नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला तर सहा आठवडे पाय टेकू नका हे सांगणं म्हणजे सहा आठवडे खाऊ नका असं सांगण्यासारखंच. पाय कापावा लागण्याच्या अनेक कहाण्या इथून सुरू होतात.

एक खूण खास सांगायला हवी. पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं आहे, पण दुखत फारसं नाही. याला अनेकदा मुरगळ किंवा युरिक ॲसिड समजून चोळलं जातं. मधुमेहींमध्ये हा आतली हाडं मोडत असल्याचा प्रकार असू शकतो. त्याच दिवशी चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवलं, तर पावलाचा आकार वाचतो. आणि तंबाखू किंवा विडी सुरू असेल, तर पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि जखम भरायला तेवढं रक्त पोचत नाही.

डोळे: नंबर काढला म्हणजे तपासणी झाली?

नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं वेगळं आणि डोळ्याचा पडदा पाहणं वेगळं. दृष्टी सहा बाय सहा असतानाही पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि सूज असू शकते. डोळ्यासमोर काळी जाळी किंवा धागे तरंगू लागतात, तेव्हा अनेकदा आत रक्तस्राव झालेला असतो. लेझर आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनं उरलेली नजर वाचवण्यासाठी उत्तम आहेत. गेलेली नजर मात्र दर वेळी परत येत नाही.

दहा राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या, चाळिशी ओलांडलेल्या लोकांच्या पाहणीत, मधुमेह असलेल्यांपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर दोष आढळला होता. ४ टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. ४ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण दहा कोटींच्या देशात तो लाखोंमध्ये जातो.

टाइप २ मधुमेहात पडद्याची पहिली तपासणी निदानाच्या वेळीच व्हायला हवी, नंतर साधारण दर वर्षी. गरोदरपणात पडद्याचे दोष झपाट्याने वाढू शकतात, म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने तेव्हा डोळे लवकर आणि पुन्हा पुन्हा दाखवावे लागतात.

मग लोक जात का नाहीत? एक साधं कारण आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, सोबत कोणीतरी लागतं. म्हणजे दोन माणसांचा दिवस जातो. यावर पर्याय आहे पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. बऱ्याच जणांना त्यासाठी थेंबही लागत नाहीत. फोटो वाचण्यासाठी संगणकाची मदत घेता येते, हे २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांच्यासोबत दाखवून दिलं होतं. तंत्रज्ञानाच्या पायाभरणीत भारतातल्या डोळ्यांच्या फोटोंचाही वाटा होता. तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरा सहज सापडेल, अशी परिस्थिती मात्र अजून सगळीकडे नाही.

किडनी: साखर आपोआप सुधारली तर सावध

मधुमेहात किडनीच्या गाळणीला भोकं पडू लागली की लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन गळू लागतं. सुरुवातीला ते इतकं कमी असतं की नेहमीच्या 'युरिन रुटीन'मध्ये दिसत नाही. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. लॅबमध्ये ही तपासणी 'युरिन एसीआर' म्हणून ओळखली जाते आणि काही शे रुपयांत होते. आकडा ३० च्या वर आला तर ती आणखी एक-दोनदा करून खात्री करतात, कारण ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोरदार व्यायामानेही तो वाढू शकतो.

बहुतेक जण करतात ती रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. ती हवीच. पण किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात राहू शकतो. म्हणून त्यावरून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर पाहायचा असतो. रिपोर्टवर तो बऱ्याचदा खाली छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही.

यातला सगळ्यात फसवा टप्पा पुढे आहे. वर्षानुवर्षं वाढलेली साखर अचानक सुधारते, गोळ्या कमी कराव्या लागतात, इन्सुलिन कमी लागतं. घरात आनंद होतो, कारल्याच्या रसाला श्रेय मिळतं, कोणीतरी व्हॉट्सॲपवर कृती टाकतं. वजन घटवून आणि आहार बदलून असं झालं असेल तर ती चांगलीच गोष्ट. पण तसं काहीच न करता झालं असेल, तर किडनी थकल्याची ती खूण असू शकते. शरीरातल्या इन्सुलिनचा बराच भाग किडनीत मोडला जातो. किडनी मंदावली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं आणि साखर खाली येते. याच टप्प्यावर रक्तक्षय होत असल्याने एचबीए१सीचा आकडाही फसवा कमी दिसू शकतो. लॅबचा कागद चांगला आणि आजार मात्र वाढलेला, असं हे चित्र असतं.

आणखी एक समजूत सोशल मीडियावर वारंवार फिरते की मेटफॉर्मिनने किडनी जाते. किडनी खराब होते ती अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनी कमजोर झाल्यावर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ते बंद करावं लागतं, हे खरं. पण ते ऐकून गोळी स्वतःहून सोडणारे नेमकं जे टाळायचं तेच ओढवून घेतात. किडनीला खरा धोका असतो गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. धातूंची भस्मं असलेल्या, लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये काय आहे हे तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एसीआर वाढलेला सापडला तर करण्यासारखं पुष्कळ आहे. रक्तदाब आटोक्यात आणणं, लघवीतली प्रथिनांची गळती कमी करणारी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी, मीठ कमी करणं आणि सुरुवातीला आलेली ती सहा रुपयांची गोळी. लोणचं, पापड, फरसाण यांच्यातलं मीठ बहुतेक जण मोजतच नाहीत, हेही इथेच सांगितलेलं बरं.

साखरेबाहेरचं गणित

डेन्मार्कमध्ये १९९३ साली फक्त १६० रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना टाइप २ मधुमेह होता आणि लघवीतून अल्ब्युमिन गळायला सुरुवात झाली होती. निम्म्यांवर नेहमीचे उपचार झाले. उरलेल्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिलं गेलं, सोबत आहार, व्यायाम आणि धूम्रपान सोडण्यासाठी मदत. सुमारे आठ वर्षांनी हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटनांचा धोका दुसऱ्या गटात निम्म्यावर आला. २१ वर्षांनी हिशेब केला तेव्हा या गटातले लोक सरासरी ७.९ वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. गंमत म्हणजे साखरेचं लक्ष्य या गटातही बहुतेकांना गाठता आलं नव्हतं.

आपल्याकडच्या ६ टक्क्यांचा अर्थ इथे कळतो. साखरेसाठी कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड असं सगळं केलं जातं आणि रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडली जाते.

डाएट, उपवास आणि नवी इंजेक्शनं

मधुमेह 'उलटवण्याचे' कार्यक्रम सध्या जोरात आहेत. त्यात तथ्य नाही असं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आजार सहा वर्षांहून जुना नसलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के जण वजन घटवून वर्षभरात औषधांशिवाय राहू शकले. पण आकडा सुधारला म्हणून आधी झालेली इजा पुसली जात नाही. गोळ्या बंद झालेल्यांनीही डोळे, पाय आणि लघवीची वार्षिक तपासणी चालूच ठेवायची असते. 'मी आता डायबेटिक नाही' म्हणून ती सोडणारे पुन्हा अंधारात जातात.

उपवासाबद्दलही थोडं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांची अडचण उलट आहे. कडक उपवासात किंवा भात-पोळी पूर्ण बंद केल्यावर रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना. उपवासात उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं आणि मीटर बरा आकडा दाखवत असला, तरी रुग्णालय गाठावं लागतं. स्वस्त झालेली गोळी आता खूप घरांत पोचणार आहे, तेव्हा नवरात्राआधी डॉक्टरांशी औषधांबद्दल बोलणं गरजेचं आहे. या गोळ्यांमुळे जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्गही होतो. संकोचामुळे तो सांगितला जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते.

दुसरीकडे सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाची चर्चा आहे. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. २०२४ मध्ये आलेल्या चाचणीत मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्यांमध्ये किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका त्याने २४ टक्क्यांनी कमी केला होता. मात्र आधीच्या एका चाचणीत काही रुग्णांचा डोळ्याच्या पडद्याचा आजार बळावलेला दिसला. खूप वाढलेली साखर झपाट्याने खाली आली की पडदा आधीच खराब असलेल्यांमध्ये असं होऊ शकतं. इंजेक्शन सुरू करण्याआधी पडदा पाहून घेतला तर हा धोका आधीच कळतो. वजन कमी करण्यासाठी ते ओळखीतून मागवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

यंत्रणा काय मोजते?

सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत मधुमेह आणि रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणलं जाईल. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिशीपुढच्या सगळ्यांच्या तपासणीची खास मोहीमही झाली. आजाराची कल्पनाच नसलेले ४० टक्के लोक पाहता अशा मोहिमा लागतातच. पण निदान झाल्यानंतरच्या वर्षांत त्या माणसाचे पाय, पडदा आणि लघवी पाहिली गेली का, हा हिशेब सामान्य माणसासमोर कधी येत नाही.

पैशांची दिशाही पाहण्यासारखी आहे. किडनी निकामी झाली तर २०१६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरिबांना डायलिसिस मोफत मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ती मुळात रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. दहा वर्षांआधीची काही शे रुपयांची लघवीची तपासणी मात्र अनेकांना खिशातून करावी लागते, आणि बरं वाटत असताना खिशातून पैसे काढायला कोणी तयार नसतं.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाला गावोगावी शिबिरं भरतात. बोटाला टोचून शेकडो लोकांची साखर पाहिली जाते, फोटो निघतात. त्यात चपला-मोजे काढायला लावून पाय पाहणारी शिबिरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वास्तविक नायलॉनची ती तार स्वस्त असते, अनेकदा वापरता येते आणि ती टेकवायला डॉक्टरच लागतो असंही नाही. परिचारिका किंवा प्रशिक्षित आशा सेविका ते करू शकते.

आशा घरोघरी जाऊन भरतात त्या सीबॅक अर्जात तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, तळव्याला पुन्हा पुन्हा जखम होते का, धूसर दिसतं का, असे प्रश्न आहेतच. मुंग्या आणि जखमेचे प्रश्न कुष्ठरोगाचा संशय शोधण्यासाठीच्या प्रश्नांसोबत येतात. मधुमेह असलेल्या बाईने त्यावर 'हो' म्हटलं, तर तिला पुढे कोणाकडे पाठवायचं आणि तिथे तिचा पाय कोण पाहणार, हे मात्र ती कोणत्या तालुक्यात राहते यावर ठरतं.